ऐकतो तो काय करतो?



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा, एक अंत्यविधी, संध्याकाळच्या दोन सभा आणि कार्यालयातील दाखल्यांचे काम आटोपून आम्ही रात्री साडेदहाच्या सुमारास आपल्या खोलीत एक ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. लुईजी नोनो ह्या इटालियन संगीतकाराची ‘प्रोमेतेओ’ ही रचना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी एकदा ह्या रचनेचा उल्लेख केला होता. गायनवृंद आणि वाद्यवृंद ह्यांच्यासाठी लिहिलेल्या ह्या रचनेला संगीतकाराने ‘ऐकण्याची शोकांतिका’ असे उपशीर्षक दिले आहे, असे ते म्हणाले होते. ते शब्द वीस वर्षे मनात राहून गेले होते.

ध्वनिमुद्रण सुरू केले, पण काही ऐकूच येईना. आवाज वाढवला, तरी दूरवरून आल्यासारखा एक पुसट सूर. मग लक्षात आले की, त्या सुरापेक्षा डोक्यावरच्या पंख्याचाच आवाज मोठा आहे. उकाड्याचे दिवस होते, तरी पंखा बंद केला. मग रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, मग शेजारचा टीव्ही, मग कुत्री. हळूहळू तेही सारे थांबले. तेव्हा स्वतःच्या मनातली गडबड ऐकू येऊ लागली: उद्याच्या बैठकीचे विषय, छपराच्या दुरुस्तीचा खर्च, कुणीतरी दुपारी बोललेला खोचक शब्द. समोर सूर होता आणि आम्ही मात्र स्वतःलाच ऐकत होतो. नेमक्या त्या क्षणी आम्हाला एक तरुण आठवला. त्याच्याविषयी पुढे सांगू. आधी ह्या संगीताची हकिकत सांगितली पाहिजे.

व्हेनिसच्या चर्चमधील एक प्रयोग

‘प्रोमेतेओ’चा पहिला प्रयोग २५ सप्टेंबर १९८४ रोजी व्हेनिसमधील सान लोरेन्झो चर्चमध्ये झाला. तिथे तेव्हा उपासना होत नव्हती. एके काळी हे बेनेडिक्टाइन भगिनींच्या मठाचे चर्च होते. ह्या चर्चची मांडणी आगळी आहे. मुख्य वेदी मधोमध आहे आणि तिच्यामुळे चर्चचे दोन भाग होतात. एका बाजूला सामान्य भाविक असत, दुसऱ्या बाजूला मठातील भगिनी. म्हणजे एका बाजूच्यांना दुसऱ्या बाजूचे बव्हंशी ऐकूनच कळायचे. गंमत अशी की, संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीचा पहिला शब्दच मुळी ‘ऐक’ असा आहे.

ह्या चर्चमध्ये रेंझो पियानो ह्या वास्तुविशारदाने एक प्रचंड लाकडी ढाचा उभारला. कुणाला तो जहाजासारखा वाटला, कुणाला एखाद्या तंतुवाद्याच्या पोकळ पेटीसारखा. सुमारे ४०० श्रोते ह्या पेटीच्या आत बसले. गायक आणि वादक मात्र त्यांच्या समोर नव्हते. ते सभोवताली, वेगवेगळ्या उंचीवरच्या सज्जांत उभे होते. वाद्यवृंदाचे चार गट, गायनवृंद, एकल गायक, दोन निवेदक आणि सूर तत्क्षणी बदलून ध्वनिक्षेपकांतून फिरवणारी विजेची यंत्रणा. संचालन क्लाउदिओ आब्बादो करत होते. रंगमंच नाही, वेशभूषा नाही, घडणारे कथानकही नाही. मध्यंतर नाही. सव्वादोन तासांच्या आसपास फक्त ऐकायचे.

शब्दांची निवड मास्सिमो काच्चारी ह्या तत्त्वज्ञाने केली होती. हेसिअड आणि एस्किलस ह्या प्राचीन ग्रीकांपासून विसाव्या शतकातील वॉल्टर बेंजामिनपर्यंत अनेकांचे शब्द त्यात गुंफले आहेत. पण त्यांतील बरेचसे शब्द स्पष्ट ऐकूच येत नाहीत. सूर कधी इतका क्षीण होतो की तो संपला की चालू आहे हे कळत नाही. तो उजवीकडून आला की मागून, माणसाच्या गळ्यातून आला की यंत्रातून, हेही कळत नाही. श्रोत्याची सारी सोय काढून घेतली जाते आणि त्याच्यापाशी उरतात ते केवळ कान.

हे सगळे आकाशातून पडलेले नव्हते. व्हेनिसला सोळाव्या शतकापासूनची परंपरा आहे. तेथील सेंट मार्क महामंदिरात आद्रियान विलार्ट आणि पुढे गाब्रिएली काका-पुतणे ह्यांनी गायनवृंदाचे गट वेगवेगळ्या ठिकाणी उभे करून त्यांना परस्परांना उत्तर देत गायला लावले. गाणे समोरून येत नसे; भाविक त्याच्या मध्यभागी असत. नोनो त्याच शहरात १९२४ साली जन्मले आणि १९९० साली तिथेच वारले.

त्यांचा स्वतःचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. ते १९५२ पासून इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. १९५६ च्या एका रचनेत त्यांनी मृत्युदंड झालेल्या प्रतिकारकांची अखेरची पत्रे संगीतबद्ध केली; १९६४ च्या एका रचनेत पोलादाच्या कारखान्यातील खणखणाट आणि कामगारांचे आवाज वापरले. जगाला काहीतरी ठणकावून सांगणारा हा माणूस. आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर तोच शांततेकडे वळला. १९८३ साली एका व्याख्यानात त्यांनी जे मांडले त्याचा आशय असा: ऐकणे फार कठीण आहे, कारण आपण दुसऱ्याचे ऐकतो तेव्हा त्याच्यात स्वतःलाच शोधत असतो, आपल्याच समजुतींची खूण पटवत असतो, आणि ही एक प्रकारची हिंसा आहे.

हिंसा हा शब्द जड वाटतो. आम्हालाही वाटला होता.

ऐकणे ही कृती आहे काय?

सर्वसाधारण समजूत अशी की, बोलणारा काहीतरी करतो आणि ऐकणारा नुसता बसून असतो. म्हणूनच पापांचा विचार करताना ‘मी काय बोललो, काय केले’ असे आपण स्वतःला विचारतो. ‘मी कसे ऐकले’ असे क्वचितच विचारतो.

पण आपली मराठी भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. शब्द ‘कानावर पडतात’ तेव्हा आपण काही करत नाही, हे खरे. पण आपण ‘कान देतो’, ‘कानाडोळा करतो’, ‘कानामागे टाकतो’. ह्या साऱ्या करण्याच्या गोष्टी आहेत. शिवाय आई जेव्हा तक्रार करते की ‘मुलगा ऐकत नाही’, तेव्हा मुलगा बहिरा आहे असे तिला म्हणायचे नसते. आज्ञापालन आणि ऐकणे ह्यांसाठी आपण एकच शब्द वापरतो. लॅटिन भाषेतही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्या क्रियापदापासूनच आला आहे.

ॲरिस्टॉटलने ‘आत्म्याविषयी’ ह्या आपल्या ग्रंथात एक सूक्ष्म मुद्दा मांडला आहे. घंटेचा नाद होणे आणि कानाने तो ऐकणे ह्या विचाराने दोन गोष्टी असल्या, तरी प्रत्यक्षात ती एकच घटना असते. आणि ती घडते ऐकणाऱ्याच्या ठायी. हाच मुद्दा माणसाच्या बोलण्याला लावून पाहा. माझे बोलणे माझ्या ओठांवर पूर्ण होत नाही. ते तुमच्या ऐकण्यात पूर्ण होते. तुम्ही ऐकले नाहीत तर मी बोललो खरा, पण ते बोलणे अधांतरी राहिले. मग ऐकणारा हा बोलण्यातला भागीदार ठरतो, आणि जो भागीदार असतो त्याच्याकडे जबाबदारीही येते.

इथे एक अडचण उभी राहते. आम्हाला सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसचे एक सूत्र पाठ करावे लागे. त्याचा अर्थ असा की, जे काही स्वीकारले जाते ते स्वीकारणाऱ्याच्या रीतीने स्वीकारले जाते. पाणी घागरीत घागरीचा आकार घेते आणि तांब्यात तांब्याचा. मग दुसऱ्याला त्याच्याच रूपात ऐकणे मुळात शक्य आहे का? की नोनो म्हणतात ती हिंसा अटळ आहे?

आम्हाला वाटते, अटळ नाही. तानपुरा ऐकणाऱ्यांना एक अनुभव ठाऊक असतो. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येऊ लागतो. गंधाराची तार तिथे नसते. कुणी तो स्वर छेडलेला नसतो. तो खर्जाच्या नादातच दडलेला असतो. नवख्याला तो ऐकू येत नाही. रोज बसणाऱ्याला येतो. म्हणजे कान तोच, पण त्याची क्षमता वाढते. भांडे आपला आकार बदलू शकत नाही. माणसाचे मन तो बदलू शकते. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: वेळ, आणि आपला आवाज थोडा खाली आणण्याची तयारी. सिमोन वेल (१९०९ ते १९४३) ही फ्रेंच विचारवंत विद्यार्थ्यांच्या अभ्यासाविषयी लिहिताना अवधानाला प्रार्थनेशी जोडते आणि पुढे म्हणते की, दुःखी माणसावर प्रेम करणे म्हणजे ‘तुझ्यावर काय गुदरते आहे?’ हे त्याला विचारता येणे. आधी विचारणे, आणि मग उत्तराला जागा देणे.

तो तरुण

आता त्या तरुणाविषयी. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत. तो प्रायश्चित्त संस्कारासाठी आला नव्हता, हेही सांगून ठेवतो.

तो एका रात्री दहाच्या सुमारास आला. “फादर, थोडं बोलायचं होतं,” म्हणाला. आम्ही त्याला बसवले. पाणी दिले. तो बोलू लागला: घर, नोकरी, वडील. पाच मिनिटांत आम्हाला वाटले की, आपल्याला कळले. असे तरुण आम्ही पुष्कळ पाहिले होते. आम्ही त्याला धीर दिला. नोकरीसाठी एका ओळखीच्या गृहस्थांचा दूरध्वनी क्रमांक दिला. वडिलांशी कसे बोलावे ते सांगितले. मिस्सा चुकवू नकोस, असेही म्हणालो. तो मान डोलावत होता. निघताना “थँक यू, फादर” म्हणाला. एक चांगले काम झाले, अशा समाधानात आम्ही दिवा मालवला.

तीन आठवड्यांनी त्याची आई आली. मुलगा घर सोडून गेला होता. सुखरूप होता, पण कुठे आहे हे सांगत नव्हता. ती म्हणाली, “तो तुमच्याकडे आला होता ना, फादर? काय म्हणत होता?”

आम्ही आठवू लागलो. आम्ही काय सांगितले होते ते शब्दन् शब्द आठवत होते. तो दूरध्वनी क्रमांकसुद्धा आठवत होता. त्या मुलाचे मात्र एकही वाक्य आठवेना.

आम्ही त्याच्याशी वाईट वागलो नव्हतो. आम्ही त्याला हाकलले नव्हते, रागावलो नव्हतो. आम्ही त्याला फक्त आमच्या ओळखीच्या तरुणांपैकी एक करून टाकले आणि त्या ओळखीच्या तरुणाला सल्ला दिला. जो समोर बसला होता तो तसाच उठून गेला. हिंसा हा शब्द आम्हाला आता तेवढा जड वाटत नाही.

तीन प्रश्न

कुणी विचारील: मग सगळ्यांचे सगळेच ऐकत बसायचे का? नाही. ऐकणे ही कृती आहे असे एकदा मानले की ती चुकीचीही असू शकते. संत थॉमसने पाठीमागे निंदा करणाऱ्याबरोबरच ती निंदा ऐकून घेणाऱ्याच्या पापाचाही विचार केला आहे. ज्याला ती निंदा आवडते तो निंदकाइतकाच दोषी ठरतो, असे त्याचे म्हणणे. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जे कोंडाळे जमते, त्यात बोलणारा एकच असतो. पण ऐकणारे चार नसतील तर तो कुणाला सांगेल? जे तत्त्व दुःखिताला कान द्यायला सांगते, तेच तत्त्व चहाडखोराला कान न द्यायला सांगते.

दुसरा प्रश्न: नुसते ऐकून काय होणार? भुकेल्याला भाकर हवी. हे अगदी खरे, आणि संत याकोबाच्या पत्रातही वचन केवळ ऐकणाऱ्यांना ताकीद आहे. पण आमची चूक काही न करण्याची नव्हती. आम्ही पुष्कळ केले. ते ऐकण्याआधी केले, एवढेच. औषध देणारा वैद्य आधी नाडी पाहतो. ज्याचे दुखणे ऐकले नाही त्याला दिलेला सल्ला हा बहुधा आपल्याच मनाच्या समाधानासाठी असतो.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. माणूस थकतो. दिवसभर कारखान्यात, लोकलच्या गर्दीत, स्वयंपाकघरात राबलेल्या माणसाने रात्री दहा वाजता कुणाचे ऐकावे? संत ऑगस्टीनसारख्या माणसाने आपल्या ‘कबुलीजबाबा’त मान्य केले आहे की, चर्चमध्ये गायलेल्या शब्दांपेक्षा कधीकधी गाण्याच्या गोडव्यानेच त्याचे मन वाहवत जाई, आणि त्याचा त्याला अपराध वाटे. मग आपली काय कथा! अवधान ढळणारच. आम्हाला वाटते, ह्याचे उत्तर प्रामाणिकपणात आहे. त्या रात्री आम्ही त्या मुलाला म्हणू शकलो असतो, “बाबा, मी आज फार थकलो आहे. तुझे बोलणे अर्धवट ऐकण्यापेक्षा उद्या सकाळी बसू या.” तो दुसऱ्या दिवशी आला असता की नाही, सांगता येत नाही. कदाचित नसता आला. पण ऐकल्याचे सोंग त्याला मिळाले नसते. ऐकले न जाणे दुःखद असतेच. पण ऐकले गेले असे भासवले जाणे अधिक एकटे करते, कारण मग माणूस दुसरे दार ठोठावण्याचेही सोडून देतो.

रात्रीचे कान

ऐकण्याच्या पुष्कळ गोष्टी रात्री घडतात. बाल शमुवेलाला मंदिरात रात्री हाक ऐकू आली. तीनदा तो उठून एलीकडे धावला. हाक खरी होती, पण ती कुणाची हे त्याला कळेना. म्हाताऱ्या एलीचे डोळे अंधुक झाले होते, तरी हाक कुणाची हे ओळखले त्यानेच. त्याने मुलाला उपदेश केला नाही. कसे ऐकायचे तेवढे सांगितले आणि परत झोपायला पाठवले. त्या तरुणासमोर आम्ही एली व्हायला हवे होते.

संगीतकारांनाही रात्रीचे हे मोल कळते. जॉन टॅव्हनर ह्या इंग्रज संगीतकाराची ‘द व्हेल ऑफ द टेम्पल’ ही रचना २००३ साली लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये रात्री सुरू झाली आणि सुमारे सात तासांनी, उजाडण्याच्या सुमारास संपली. आपल्याकडे तर ही रीत जुनीच. पुण्यात १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवात रसिक रात्रभर बसून राहत आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आल्यानंतर त्या रात्रभराच्या बैठका आवरत्या घ्याव्या लागल्या. त्या श्रोत्यांची एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते मुके बसत नसत; दाद देत असत. पण दाद समेवर येते, म्हणजे गाणाऱ्याने आपले म्हणणे पुरे केल्यावर. मध्येच दिलेली दाद ही श्रोत्याचे अज्ञान दाखवते. संवादातही उत्तराला जागा आहे, पण ती समेनंतर.

अखिल ख्रिस्तसभाही अलीकडे हेच शिकू पाहते आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली सुरू केलेल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगता झालेल्या सिनडच्या बैठकीत बिशप, भगिनी आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसले. काहीजण बोलले की थोडा वेळ शांतता पाळायची. मग स्वतःचे मत पुन्हा मांडायचे नाही, तर इतरांच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे, अशी ती पद्धत होती. ऐकायला सोपी, पण आम्ही ती आमच्या धर्मग्राम परिषदेत करून पाहिली तेव्हा पहिल्या शांततेत दोघांनी घड्याळ पाहिले आणि एकाने चहाचे काय झाले म्हणून विचारले. आम्हीही चुळबुळत होतो, हे कबूल करतो.

ह्या आठवड्यासाठी

तेव्हा एक छोटीशी विनंती. ह्या आठवड्यात एका संध्याकाळी घरी टीव्ही आणि मोबाइल दहा मिनिटे बंद ठेवा. घरातील ज्या माणसाचे बोलणे तुम्हाला आधीच ठाऊक आहे असे वाटते, त्याला बोलू द्या. आजी असेल, नवरा असेल, दहावीतली मुलगी असेल. उत्तर देण्याआधी त्याचे म्हणणे त्यालाच सांगून विचारा, “तुला असंच म्हणायचं होतं ना?” बहुतेक वेळा ‘नाही’ असे उत्तर येईल. खरे ऐकणे तिथून सुरू होईल.

त्या तरुणाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो आता आईला दर रविवारी फोन करतो. आम्ही तिच्याकरवी त्याला निरोप पाठवला आहे की, त्याला पुन्हा कधी बोलावेसे वाटले तर आम्हाला ऐकायचे आहे. काही सांगायचे नाही. अद्याप उत्तर आलेले नाही. घाई करण्याचा आम्हाला अधिकारही नाही.

आणि कार्यालयाची वेळ फलकावर लिहिलेली असली, तरी त्यानंतरही दार वाजवायला कुणी संकोच करू नये. फार थकलेलो असलो तर तसे सांगू आणि दुसऱ्या दिवसाची वेळ देऊ.

– आपला धर्मगुरू